पाकिटावरचं नाव : लुइस्टनच्या सोमाली लोकांना महापौरांनी लिहिलेल्या पत्राचं प्रकरण

अमेरिकेत मेन राज्यातल्या लुइस्टन गावात मी २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षं काढली. हॉस्पिटलच्या आयटीत होतो, आणि त्या सहा वर्षांत ज्याच्याबरोबर सगळ्यात जास्त चहा प्यायलो तो एक सोमाली दुभाषा. त्याचं नाव लिहू नको असं त्याने सांगितलंय. आम्ही एकमेकांना 'वलाल' म्हणायचो, सोमालीत वलाल म्हणजे भाऊ, बहिणीलाही तोच शब्द, तर इथेही त्याला वलालच म्हणतो.

प्रकरण मी तिथे जायच्या अकरा वर्षं आधीचं आहे. १ ऑक्टोबर २००२ ला लुइस्टनचे महापौर लॉरियर रेमंड यांनी गावातल्या सोमाली वडीलधाऱ्यांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. मतलब असा, की तुमची माणसं फार वेगाने येतायत, गाव पैशाने, जागेने आणि मनाने पार टेकीला आलंय, आम्ही होतं तेवढं केलं, आता आम्हाला श्वास घ्यायला सवड द्या, तुमच्या लोकांनी जरा शिस्त पाळावी, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांना निरोप द्या की सध्या येऊ नका. बस, इतकंच. शिवी नाही, धमकी नाही. तरी गावातल्या कुठल्याही सोमाली माणसाशी थोडं मोकळं बोलायला लागलं की पत्राचा विषय निघायचाच, अगदी २०१३ मध्येसुद्धा. मला आधी कळायचंच नाही की एवढ्या साध्या पत्राने एवढं काय लागलं.

ते कळायला आधी गाव कळायला पाहिजे. लुइस्टन म्हणजे अँड्रोस्कॉगिन नदीच्या काठावरचं गिरणगाव, वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास. धबधब्याच्या पाण्यावर कापडगिरण्या उभ्या राहिल्या, आणि १८७० नंतर कॅनडातल्या क्यूबेकमधून फ्रेंच बोलणारी शेतकरी कुटुंबं रेल्वेने भरभरून इथे गिरणीकामाला आली. नदीलगत त्यांच्या लाकडी चाळी, त्या भागाचं नावच 'लिटल कॅनडा'. बेट्स मिलच्या चादरी अमेरिकाभर जायच्या. मग तेच झालं जे आमच्या लालबागला झालं, काम दक्षिणेत गेलं, नंतर देशाबाहेर गेलं, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि २००१ मध्ये बेट्सचंही संपलं. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते, त्यामुळे त्या लाल विटांच्या भिंती आणि फुटक्या काचा बघितल्या की मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडायची नाही. पोरं गाव सोडून गेलेली, लिस्बन स्ट्रीटवरची निम्मी दुकानं फळ्या ठोकलेली, आणि मागे राहिलेले म्हातारे. अशा गावाला कुणी 'भरलंय' म्हणतं तेव्हा घरं भरलीत असा त्याचा अर्थ नसतो, घरं तर रिकामीच होती.

आणि हे फ्रेंच लोक स्वतः काय भोगून बसले होते तेही सांगतो. १९१९ मध्ये मेनने कायदा केला की शाळेत शिकवणं इंग्रजीतच, आणि मैदानात फ्रेंच बोललं म्हणून मार खाल्लेले आजोबा मी स्वतः भेटलोय. १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लान हा गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांचा गट मेनमध्ये फोफावला, तिथे काळे लोक जवळपास नव्हतेच, तेव्हा त्यांचा राग होता तो या कॅथलिक फ्रेंचांवर. महापौरांचं स्वतःचं नाव लॉरियर, म्हणजे तेही याच मातीतले. ज्यांनी सोसलंय ते दुसऱ्याला आपोआप समजून घेतील असं आपण धरून चालतो, पण तिथे मी बऱ्याच जणांकडून उलटंच ऐकलं, आमच्या आजोबांना कुणी काही फुकट दिलं नाही मग यांना का. हे बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या आजोबांना खरंच कुणी काही दिलं नव्हतं.

आता सोमाली तिथे आलेच कसे. १९९१ च्या जानेवारीत सोमालियातली हुकूमशहा सियाद बारेंची राजवट कोसळली, यादवी पेटली, लाखो लोक सीमा ओलांडून केनियातल्या दादाबच्या छावण्यांत गेले. वलाल तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, किस्मायो बंदराचा पोरगा, छावणीत सात वर्षं, मग १९९९ मध्ये अमेरिका, जॉर्जियात अटलांटाजवळचं क्लार्कस्टन. निर्वासिताला गाव निवडता येत नाही, संस्था जिथे पाठवेल तिथे जायचं. पण एकदा देशात आल्यावर तो कुठेही राहू शकतो, आणि सोमालींनी काय केलं तर जुनी गुराखी पद्धत वापरली. सोमालीत 'सहन' असा शब्द आहे, आपल्या सहन करण्याशी काही संबंध नाही, सहन म्हणजे कुरण आणि पाणी बघायला पुढे माणूस पाठवायचा, त्याने परत येऊन सांगायचं की उंट तिकडे न्यावेत का नाही. क्लार्कस्टनच्या लोकांनी अशीच माणसं वेगवेगळ्या गावांना पाठवली. कुणी मेनला गेलं, पोर्टलंडला घरं मिळेनात, तिथून पाऊण तासावर लुइस्टनला मिळाली, शाळा बरी, गोळीबार नाही, पोरं रस्त्यावर खेळू शकतात. २००१ च्या फेब्रुवारीत पहिली कुटुंबं आली आणि पुढच्या दीड वर्षात हजारेक माणसं. २००० च्या जनगणनेत मेन ९७ टक्के गोरं राज्य होतं हे लक्षात घ्या, म्हणजे हिजाब घातलेल्या बायका बर्फातून चालतायत हे त्या गावाने कधी बघितलेलंच नव्हतं.

महापौरांची पैशाची तक्रार खोटी नव्हती, हे मला ठामपणे सांगायचंय, कारण नंतर सगळ्यांनी त्यांना नुसतं खलनायक करून टाकलं. मेनमध्ये कायद्यानेच गावाला गरजूंना घरभाड्याची वगैरे मदत द्यावी लागते, राज्य त्यातला काही भाग परत करतं, आणि निर्वासितांसाठी केंद्राकडून जी सोय असते ती पहिल्या गावातल्या संस्थेशी बांधलेली. माणूस क्लार्कस्टन सोडून लुइस्टनला आला की तो लुइस्टनचा, सोय मात्र मागेच राहिली. इंग्रजी शिकवायला शिक्षक हवेत, दवाखान्यात दुभाषे हवेत, ते सगळं एका आधीच खंगलेल्या गावाच्या डोक्यावर. त्यात नाक्यानाक्यावर अफवा, यांना सरकार फुकट गाडी देतं, फुकट फ्रिज देतं. खरी गोष्ट अशी की निर्वासित विमानाचं तिकीटसुद्धा कर्जाने घेतो. वलालला आणि त्याच्या आईला अमेरिकेत उतरल्यावर काही महिन्यांतच त्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, बिनव्याजी, पण फेडायचेच. त्या हप्त्याच्या पावत्या त्याने अजून ठेवल्यात, आयओएमच्या, म्हणजे निर्वासितांचा प्रवास बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, त्याच पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जी छातीशी धरून तो विमानात बसला होता.

तर तक्रार बरोबर होती. पण पाकिटावर नाव चुकलं. हे पत्र जायला पाहिजे होतं वॉशिंग्टनला किंवा राज्याच्या राजधानीला, ऑगस्टाला, की बाबांनो तुम्ही माणसं आणता, ती हलणार हे तुम्हाला माहीत असतं, मग पैसा त्यांच्यामागे का हलत नाही. ते गेलं कुणाला, तर ज्यांच्या हातात यातलं काहीच नव्हतं त्या चार म्हाताऱ्यांना. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन राहायचा हक्क इतका पक्का आहे की १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नवीन आलेल्याला तू वर्षभर इथे राहिला नाहीस म्हणून सरकारी मदत नाकारता येणार नाही. म्हणजे बोस्टनचा कुणी गोरा उद्या सामान घेऊन लुइस्टनला आला तर महापौर बोस्टनच्या वडीलधाऱ्यांना पत्र लिहिणार नव्हते. सोमालींना लिहिलं, कारण डोक्यात असं पक्कं होतं की हे सगळे एकच कुटुंब, कुणीतरी प्रमुख असेल, तो हुकूम देईल आणि बाकीचे थांबतील.

त्या पत्राच्या वाचनाची गोष्ट वलालने मला एकदाच सांगितली. एका भाड्याच्या खोलीत नमाज व्हायची, तिथे कुणीतरी पत्राची झेरॉक्स आणली. वीसेक म्हातारे खाली बसलेले, इंग्रजी कुणालाच धड येत नाही, वलालला छावणीत शिकल्यामुळे त्यातल्या त्यात येत होतं, म्हणून त्याला उभं केलं. एकेक वाक्य वाचायचं आणि सोमालीत सांगायचं. गाव टेकीला आलंय असं जे वाक्य होतं तिथे तो अडला, त्या अर्थाचा नेमका शब्द सुचेना, शेवटी म्हणाला 'बूहा', म्हणजे भरलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, काय भरलं? वलाल म्हणाला, गाव. म्हातारा खिडकीपाशी गेला, समोर लिस्बन स्ट्रीटवर बंद दुकानांची रांग होती, बराच वेळ तो बघत राहिला आणि काही न बोलता येऊन बसला. वलाल म्हणतो ते माझं दुभाषाचं पहिलं काम.

वडीलधाऱ्यांनी उत्तर दिलं, तेही खुलं पत्र, आणि ते चांगलं कडक होतं. आमच्यातले बरेच जण कायदेशीर रहिवासी आहेत, काही नागरिक आहेत, कुठे राहायचं ते आम्ही ठरवू, आणि तुम्ही आमच्याशी बोलायच्या आधी वर्तमानपत्राशी बोललात, असा त्याचा रोख. तोपर्यंत बातमी देशभर झाली होती. वर्णद्वेषी लोकांची एक टोळी, 'वर्ल्ड चर्च ऑफ द क्रिएटर' नावाची, त्यांनी जाहीर केलं की आम्ही लुइस्टनला सभा घेणार, म्हणजे महापौरांना जे बोलायचं नव्हतं ते त्यांच्या नावावर दुसरेच बोलायला आले. ११ जानेवारी २००३, कडाक्याची थंडी. त्यांच्या सभेला जेमतेम तीसेक माणसं, म्होरक्या तर तीनच दिवस आधी एका न्यायाधीशाच्या खुनाची सुपारी दिल्याच्या आरोपाखाली अटकेत गेलेला. आणि बेट्स कॉलेजच्या जिममध्ये सोमालींच्या बाजूने चार हजारांवर लोक, नुकतेच निवडून आलेले गव्हर्नर बाल्डाची स्वतः हजर. महापौर त्या दिवशी फ्लोरिडात सुट्टीवर होते.

बहुतेक ठिकाणी हे प्रकरण इथेच संपवतात, चार हजार विरुद्ध तीस, माणुसकी जिंकली. वलालला विचारलं तर तो म्हणायचा, हो, त्या दिवशी मी रडलो, एक म्हातारी फ्रेंच बाई माझा हात धरून उभी होती, पण सोमवारी मी कामाला गेलो तेव्हा त्या चार हजारांतलं कुणी माझ्या शेजारी नव्हतं, आणि फोरमन तोच होता. त्याचं म्हणणं असं की सभेने मला धीर दिला पण ओळख दिली ती पत्राने. कशी ते त्याने सांगितलं ते मी जमेल तसं मांडतो.

सोमालियात कुणी विचारत नाही की तू कोण, विचारतात तू कुणाचा. पोरगं बोलायला लागलं की त्याला बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं अशी वीस-वीस पिढ्यांची नावं पाठ करायला लावतात, त्याला 'अब्तिर्सी' म्हणतात, त्यातून तुझं कूळ कळतं आणि कुळावरून तू मित्र का शत्रू. यादवी कुळाकुळांतच झाली. म्हणजे त्या खोलीत जे वीस म्हातारे बसले होते त्यातल्या काहींच्या लोकांनी एकमेकांची घरं जाळली होती. आणि पत्र आलं 'सोमाली समाजाला'. वलाल म्हणाला, त्या दिवसाआधी लुइस्टनमध्ये सोमाली समाज नव्हताच, माणसं होती. पत्राचं उत्तर द्यायचं म्हणून एकत्र बसावं लागलं, सह्या कुणी करायच्या ते ठरवावं लागलं, आणि असा समाज झाला.

दुसरं, फॉर्म. सोमाली माणसाला आडनाव नसतं, स्वतःचं नाव, बापाचं, आजोबाचं, झालं. अमेरिकन फॉर्मला आडनाव लागतंच, मग आजोबाचं नाव तिथे बसतं. बाई लग्नानंतर नाव बदलत नाही, त्यामुळे नवराबायकोची आडनावं वेगळी, आणि खिडकीतल्या बाईला वाटतं हे खोटं कुटुंब आहे. मी म्हटलं, आमच्यातही मधे बापाचं नाव असतं, तर तो खूश झाला, म्हणाला मग तुला लवकर कळेल. जन्मतारखेचंही तसंच. दाखला नाही, म्हणून छावणीत सरसकट १ जानेवारी लिहिलेलं. हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये मी स्वतः बघितलंय, सोमाली पेशंटची यादी काढली की खालपर्यंत एक जानेवारी, एक जानेवारी, एक जानेवारी. वलाल जन्मला तो 'दबधेर'मध्ये, दबधेर म्हणजे लांब शेपटीचा, १९७४ चा तो दुष्काळ संपतच नव्हता म्हणून हे नाव. माझ्या काकांचं वय घरात अजून 'बहात्तरच्या दुष्काळातलं' असंच सांगतात. त्या दिवशी आम्ही दोघं दुष्काळांवर तासभर बोललो.

आणि मग फॉर्मवरचा तो वंशाचा चौकोन, 'ब्लॅक ऑर आफ्रिकन अमेरिकन'. पहिल्यांदा भरताना त्याला कळेना, कारण घरी तो काळा नव्हताच, घरी काळे म्हणजे दुसरेच कुणीतरी. इथे पोलिसाने गाडी थांबवली की तो कूळ विचारत नाही. अमेरिकन काळ्या लोकांबद्दल तो फार जपून बोलायचा. म्हणायचा, त्यांच्या पाठीवर जे आहे ते माझ्या पाठीवर नाही, मी कर्जाने का होईना विमानाने आलो, त्यांना आणलं. पण ते मार्च करत लढले म्हणून मी आज कुठेही राहू शकतो, आणि दुकानदार मागेमागे फिरतो तेव्हा तो आमच्यात फरक करत नाही. मग मी तरी का करू. आता मी चौकोनात खूण करतो ती मन लावून करतो. हे वाक्य त्याचं, माझं नाही.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की काय समंजस माणूस. पण सगळ्यात अवघड गोष्ट त्याने मला दोन वर्षांनी सांगितली. २००५ च्या सुमाराला लुइस्टनला सोमाली बांटू कुटुंबं यायला लागली. ही जुब्बा नदीकाठची शेतकरी माणसं, त्यांचे पूर्वज टांझानिया-मोझांबिककडून गुलाम म्हणून आणलेले, आणि सोमालियात त्यांना 'जरीर' म्हणतात, म्हणजे राठ केसांचे. त्यांच्यात लग्न करायचं नाही, हलकी कामं त्यांची. वलालने लहानपणी तो शब्द शंभरदा वापरलेला, त्यात काही वाईट आहे हेच माहीत नव्हतं. तर हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये भाषा एकच होती, 'सोमाली'. बांटू बाई तपासणीला आली की सिस्टीम वलालला पाठवायची. आणि ती बाई बोलायची 'माय' नावाची भाषा, जी त्याच्या सोमालीहून बरीच वेगळी आहे, तिला निम्मं कळायचं नाही, आणि जे कळायचं ते ज्यांच्या घरी तिच्या आजीने राबून दिवस काढले तशा घरातल्या पुरुषासमोर तिने कसं सांगायचं. एक बाई वीस मिनिटं नुसती हो हो करत राहिली. बाहेर आल्यावर वलाल म्हणाला, तिने जे हो म्हटलं त्यातलं एकही हो नव्हतं, तिला कुठे दुखतंय ते डॉक्टरला अजून माहीत नाही. आणि मग म्हणाला, महापौरांनी आम्हाला एका पाकिटात घातलं म्हणून मी वर्षानुवर्षं चिडलो, आणि हिला त्याच पाकिटात घातलंय त्याचा फायदा मात्र मी घेतोय, पगार घेतोय.

मी गप्प बसलो. आमच्या गावाकडे कुणाला ओसरीवर बसवायचं आणि कुणाला अंगणातच, हे मी लहानपणी बघितलंय आणि काही बोललेलो नाही.

नंतर आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला की भाषेच्या यादीत 'माय' वेगळी टाका. तीन मीटिंगा, दोन वेळा नकार, कारण काय तर रिपोर्टमधली कॉलमं बदलतात. आठ महिन्यांनी झालं. ड्रॉपडाऊनमध्ये एक ओळ वाढली, बस, पण माझ्या सहा वर्षांच्या नोकरीतलं मला आठवावंसं वाटणारं काम तेच.

बाकी गाव कसं बदललं म्हणाल तर सरळ रेषेत अजिबात नाही. २००६ मध्ये एकाने नमाज चालू असताना मशिदीत डुकराचं मुंडकं भिरकावलं. २०१२ मध्ये दुसऱ्या महापौरांनी, रॉबर्ट मॅकडोनाल्ड यांनी, बीबीसीला सांगितलं की इथे यायचं तर तुमची संस्कृती दाराबाहेर ठेवून या. त्याच काळात लिस्बन स्ट्रीटवरची दुकानं उघडत होती, सांबूस, वेलची-दालचिनीचा चहा, भाताबरोबर केळं. काँगो-टोगोकडून आलेले आफ्रिकी लोक फ्रेंच बोलायचे, आणि म्हाताऱ्या फ्रेंच आज्यांना आपल्या भाषेत बोलायला अनेक वर्षांनी तरुण माणसं मिळाली, हे मी कॅन्टीनमध्ये रोज बघायचो. २०१५ च्या नोव्हेंबरात लुइस्टन हायस्कूलची फुटबॉल टीम राज्याची चॅम्पियन झाली, टीममध्ये बरीचशी पोरं आफ्रिकेतली, मैदानात उतरताना ओरडायची 'पमोजा न्दुगू', स्वाहिलीत, भाऊ सगळे एकत्र. अख्खं गाव रस्त्यावर. आणि एका वर्षाने त्याच काउंटीत ट्रम्प जिंकले, आणि २०१७ च्या जानेवारीत सात देशांवर प्रवेशबंदी आली त्यात सोमालिया. वलालच्या बायकोची बहीण नैरोबीत तिकीट हातात घेऊन अडकली. टीमसाठी टाळ्या वाजवणारे आणि बंदीला मत देणारे वेगळे होते का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, काही वेगळे होते, काही तेच होते, आणि जे तेच होते ते मला रोज भेटतात, त्यांच्याशी बोलणं सोडलं तर मी कुणाशी बोलू.

२०१९ च्या निवडणुकीत साफिया खालिद नावाची तेवीस वर्षांची मुलगी नगरपरिषदेवर निवडून आली, लुइस्टनची पहिली सोमाली नगरसेवक, आणि प्रचारात तिला इंटरनेटवरून जे घाण मेसेज आले ते आठवून वलाल अजून गप्प होतो. तेव्हाच एका दुसऱ्या उमेदवाराचं, गोऱ्या, पन्नाशीच्या, पत्रक त्याच्या घरी पोस्टाने आलं. मी गाव सोडायच्या आधी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो, ते फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं. शाळा, रस्त्यावरचा बर्फ, घरपट्टी, असलंच सगळं. मी म्हटलं, याला मत दिलंस का? म्हणाला, नाही. मग लावलंय कशाला? त्याने पत्रक उलटं करून दाखवलं. मागे पांढऱ्या चिकटपट्टीवर त्याच्या आईचं नाव छापलेलं, तिचं, तिच्या वडिलांचं आणि तिच्या आजोबांचं, तिन्ही बरोबर स्पेलिंगमध्ये, आणि खाली लुइस्टनचा पत्ता.